तिवराच्या फुलासाठी एक पेन्सिल

रानफुलांची चित्रं काढायची तर पावसाळ्यात कास गाठायचं, अशी आपली पक्की समजूत आहे. वरळी कोळीवाड्यातल्या मुलांनी मात्र सुरुवात तिवरापासून करावी, असं मला ठामपणे वाटतं. वरळीच्या किल्ल्यासमोर माहीमचा उपसागर आहे, त्याच्या पलीकडे मिठी नदीच्या काठाने तिवरांचं रान आहे. तिवराचं फूल वाटाण्याहून लहान, पिवळट नारिंगी, फांदीच्या टोकाला झुबक्याने येणारं. येता-जाता ते नजरेत भरत नाही. कागदावर उतरवायला घेतलं की पाकळ्या मोजाव्याच लागतात, त्या चार भरतात; पान उलटून पाहावं लागतं, मग त्याची राखाडी पाठ दिसते.

मोबाइल असताना हा खटाटोप कशाला, असं कुणी विचारेल. फोटो एका क्षणाचा असतो, चित्रात झाडाचं अख्खं आयुष्य मावतं. पांढरी चिपी घ्या. २०२० साली महाराष्ट्राने तिला राज्य कांदळवृक्ष ठरवलं. तिचं फूल रात्री उमलतं, सकाळपर्यंत पांढरे केसर गळून पडतात आणि मागे उरलेल्या चांदणीसारख्या पुष्पकोशावर फळ धरतं. कळी, रात्रीचं फूल, गळलेले केसर, फळ हे सगळं चित्रकार एकाच पानावर मांडतो. शास्त्रानेही चित्राचा हा मान राखला आहे. १६७८ ते १६९३ या काळात बारा खंडांत छापलेल्या, मलबारच्या वनस्पतींवरच्या ‘हॉर्टस मलबारिकस’मधली चित्रं वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने दिलेल्या कित्येक नावांचे प्रमाण नमुने मानली जातात. त्या ग्रंथाला हातभार लावणाऱ्या रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या वैद्यांचं नागरी लिपीतलं कोकणी प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलेलं आहे. पुण्याजवळच्या दापुरीच्या बागेत १८४७ ते १८५० दरम्यान बागेचा अधीक्षक अलेक्झांडर गिब्सनने काढून घेतलेली चित्रं आज एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात जपून ठेवली आहेत. ती काढणाऱ्या इथल्या चित्रकाराचं नाव मात्र कुणी लिहून ठेवलं नाही, हे फार लागतं.

पोटाची चिंता असलेल्या वस्तीत फुलं कसली रंगवायची, हा आक्षेप अधिक गंभीर आहे. पण कोळंबीची, जिताड्याची पिल्लं याच झाडांच्या मुळांच्या आडोशाला वाढतात. तिवर गेला की जाळं रिकामं येतं. चित्राने तोड थांबत नाही, हेही खरं. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये तोडीवर बंदी घातली, ती राबवून घ्यायला जागरूक माणसं लागतात. ज्याला तिवर आणि चिपी वेगळी ओळखता येत नाहीत, त्याला चिपी नाहीशी झाल्याचं कळणार कसं? चित्र सुबक नसलं तरी चालेल. त्यावर तारीख, जागा आणि घरातली म्हातारी माणसं त्या झाडाला देतात ते नाव तेवढं लिहा. आणि खाली स्वतःचं नाव लिहायला विसरू नका.