घरचा हिशेब : आधी कोणाचे देणे?

प्राणहितेच्या अलीकडल्या तीरावरील बेज्जूरहून एका भगिनीचे पत्र आले आहे. बेज्जूर जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातले. २०१६ पासून ते कोमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात मोडते. नदी ओलांडली की गडचिरोली, त्यामुळे या भगिनींचे माहेर अहेरीचे असावे यात नवल नाही. त्यांचे नाव येथे देत नाही, आणि ओळख पटू नये म्हणून आकडेही थोडे सरळ केले आहेत. प्रश्न मात्र त्यांच्याच शब्दांत : "कापसाचे पैसे हातात आहेत, देणी पाच आहेत, आणि घरात प्रत्येकजण वेगळे नाव घेतो. आधी कोणाचे द्यावे?"

यंदाचा कापूस त्यांनी भारतीय कपास निगमाच्या केंद्रावर घातला. २०२५–२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ८,११० रुपये हमीभाव होता. वेचणीची मजुरी आणि गाडीभाडे जाऊन दीड लाख रुपये उरले. देणी अशी : बँकेचे पीककर्ज १,२०,०००. बी-खताच्या दुकानाची जूनपासूनची उधारी ६०,०००, शेकडा दोन रुपये व्याजाने. खासगी कंपनीत सोने ठेवून काढलेले ९०,०००, शेकडा दीडने. बायकांच्या गटातून काढलेल्या छोट्या कर्जाचे उरलेले सुमारे ४०,०००, ज्याचा हप्ता महिन्याला ३,५०० पडतो आणि तो या भगिनी शिवणकामातून भरतात. आणि अहेरीच्या भावाचे हातउसने ५०,०००, बिनव्याजी.

यजमान म्हणतात, दुकानदाराचे आधी. तो रोज समोर दिसतो, आणि यंदा कापूस त्याच्याकडे न घातल्याने रुसलेला आहे. मामंजी म्हणतात, सोयऱ्याचे आधी, त्यात घराण्याची अब्रू आहे. बँकेचे द्यावे असे कोणीच म्हणत नाही, कारण सरकार पुन्हा माफ करील अशी सर्वांची खात्री! पत्राच्या अगदी शेवटी, जणू सहज सुचले म्हणून, एक ओळ आहे : "माझ्या पाटल्या नि पोहेहार यांचे नाव कोणी घेत नाही. तीन वर्षे दर खेपेला ते शेवटी राहतात." सगळे पत्र या एका ओळीसाठीच लिहिले असावे, असे मला वाटते.

याज्ञवल्क्य स्मृतीत या प्रश्नाचे उत्तर आहे. ज्या क्रमाने कर्जे घेतली त्याच क्रमाने ती फेडावी. मात्र त्यांत ब्राह्मण असेल तर त्याचे आधी, मग राजाचे, आणि नंतर इतरांचे. म्हणजे स्मृतिकारानेही व्याजाचा दर पाहिला नाही, माणूस पाहिला. आपल्या घरांतून आजही तेच चालते. फक्त ब्राह्मणाच्या जागी दुकानदार आला आहे आणि राजाचा नंबर शेवटी गेला आहे. जो दाराशी येऊन चार लोकांत आवाज चढवतो, त्याला पैसे मिळतात. जो मुकाट असतो, त्याचे व्याज मुकाट वाढते.

तेव्हा माणसे क्षणभर बाजूला ठेवून प्रत्येक देण्याला दोनच गोष्टी विचाराव्या. न दिले तर काय जाईल आणि केव्हा जाईल? आणि राहू दिले तर वर्षाला किती खाईल? दुसऱ्या प्रश्नात आपली भाषाच आपल्याला फसवते. 'शेकडा दोन' हे ऐकायला किती हलके! पण ते महिन्याचे असते. वर्षाचे चोवीस झाले. बँकेचे 'सात टक्के' हे वर्षाचे. सात मोठे की दोन मोठे, या घोळात कित्येक घरे स्वस्त कर्ज आधी फेडतात आणि महाग कर्ज पोसत बसतात. गटाच्या छोट्या कर्जातही अशी एक गोम असते. मूळ रकमेवर सरसकट बारा टक्के आकारून वर्षभर हप्ते घेतले, तर मुद्दल उतरत असूनही व्याज पूर्ण रकमेवर बसते, आणि खरा दर बावीसच्या जवळ जातो. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार अशा कर्जाचा वार्षिक दर साध्या पत्रकात लिहून देणे बंधनकारक आहे. ते पत्रक मागून घ्यावे.

आता बँकेकडे वळतो. तिथेच या घराचा सर्वांत मोठा गैरसमज आहे.

तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाला सात टक्के व्याज. ते मुदतीत भरले तर केंद्र सरकारची तीन टक्क्यांची सवलत मिळून चारच पडते. १,२०,००० वर वर्षाचे ४,८०० रुपये. एवढे स्वस्त कर्ज या घराला दुसरे कोणी देणार नाही. मुदत टळली की सवलत गेली : ४,८०० चे ८,४०० झाले, आणि पुढे बँकेचा नेहमीचा चढा दर. शिवाय खाते थकले की नवे कर्ज बंद, आणि मग जूनमध्ये पुन्हा त्याच दुकानाची पायरी.

माफीचे म्हणाल, तर तिचा इतिहास नीट पाहावा. २००८ च्या केंद्राच्या माफीत थकबाकीदार सुटले आणि वेळेवर फेडणारा कोरडा राहिला. ती कटू आठवण घरोघर आहे, आणि 'भरणारा तो मूर्ख' हे मत तिथूनच पक्के झाले. पण तेलंगणातील २०२४ ची माफी तशी नव्हती. १२ डिसेंबर २०१८ ते ९ डिसेंबर २०२३ या काळात घेतलेली किंवा नूतनीकरण केलेली पीककर्जे तीत धरली, कुटुंबामागे दोन लाखांपर्यंत. १८ जुलै, ३० जुलै आणि १५ ऑगस्ट अशा तीन टप्प्यांत. म्हणजे दरवर्षी नवे-जुने करणाऱ्यालाही लाभ होता. थकवणे ही अट नव्हती. उलट ज्यांचे येणे व्याजासह दोन लाखांच्या वर गेले होते, त्यांना वरची रक्कम आधी स्वतः भरावी लागणार होती. २०१४ ची एक लाखाची माफी तर चार वार्षिक हप्त्यांत आली. या भगिनींचे मागले कर्ज २०२४ मध्येच सुटले. आजचे कर्ज त्यानंतरचे आहे. त्याला माफी येईल की नाही, आली तर कोणत्या तारखेपर्यंतची, हे कोणी सांगू शकत नाही. जी तारीख ठाऊक आहे ती बँकेच्या पासबुकात छापलेली आहे, आणि ती मार्चअखेरची आहे.

म्हणून पहिले काम बँकेचे, आणि तेही मार्चच्या आरंभीच. नवे-जुने करणे म्हणजे पैसा घालवणे नव्हे, तो फिरवून आणणे. १,२४,८०० भरायचे, पट्टादार पासबुक व कागद द्यायचे, आणि १,२०,००० पुन्हा मंजूर करून घ्यायचे. खर्च झाले ४,८०० रुपये. हाती उरले १,४५,२००. बँकेला आठ-पंधरा दिवस लागतील. तेवढे दिवस दुकानदाराला हसतमुखाने थोपवावे. पंधरा दिवसांचे त्याचे व्याज ६०० रुपये होते, त्यापायी बँकेचे ३,६०० गमावू नयेत.

दुसरे काम सोन्याचे. हे ऐकून यजमानांच्या कपाळाला आठी पडेल, पण सोने आज सोडवून कपाटात ठेवा असे मी म्हणत नाही. ते परवडणार नाही. ते फक्त एका तिजोरीतून दुसऱ्या तिजोरीत न्यायचे आहे. खासगी कंपनीचा दर वर्षाला अठरा. अकरा महिन्यांचे व्याज १४,८५० झाले आहे. बँकांचे सोनेतारण कर्ज सामान्यतः याहून बरेच स्वस्त असते. हातातल्या पैशांतून कंपनीचे १,०४,८५० फेडावे, दागिने तोलून घ्यावे, आणि त्याच आठवड्यात ते बँकेत ठेवून ९०,००० काढावे. गावात सोय नसेल तर कागजनगर गाठावे. दर नऊच्या आसपास धरला तर वर्षाचे व्याज १६,२०० ऐवजी ८,१०० होते. बँकेत आधी दर विचारून, दागिन्यांवर किती मिळेल हे तोंडी ठरवून मगच कंपनीचे पैसे भरावे. मधल्या मध्ये अडकू नये. कंपनीची मुदत मे महिन्यात संपते. त्यानंतर नोटीस आणि लिलाव. लिलावात कर्जापेक्षा अधिक आलेली रक्कम कर्जदाराला परत मिळाली पाहिजे असा नियम आहे, पण आईने घातलेल्या पाटल्या त्या रकमेतून परत होत नाहीत.

ही फिरवाफिरव झाली की हाती १,३०,३५० उरतात. त्यांतून दुकानदाराचे मुद्दल ६०,००० आणि नऊ महिन्यांचे व्याज १०,८००, असे ७०,८०० एकदम चुकते करावे. अर्धे देऊन भागत नाही. अर्धी उधारी राहिली की पुढल्या कापसावर त्याचा हात राहतो. भाव तो सांगेल तो आणि काटा तो लावील तो. शेकडा दोनपेक्षा हीच गाठ महाग पडते. पैसे देताना सह्या केलेल्या चिठ्ठ्या परत घ्याव्या आणि वहीतले खाते आपल्यासमोर काटून घ्यावे. १८७५ साली पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारात दंगा उसळला, तेव्हा शेतकऱ्यांचा रोख सावकाराच्या जिवापेक्षा त्याच्या कर्जरोख्यांवर होता. कर्ज कागदात राहते हे त्यांना पक्के ठाऊक होते. आपल्याला जाळपोळ करायची नाही. फक्त कागद मागून घ्यायचा आहे.

उरले ५९,५५०. यांतले ३०,००० बी-खतासाठी वेगळे काढावे, नाहीतर मृगाच्या आधीच पुन्हा उधारी सुरू होईल आणि ही सारी कसरत फुकट जाईल. रोखीने घेताना दुकानदाराशी भाव करता येतो, हा त्यातला आनंद वेगळा. गटाच्या हप्त्यासाठी तीन महिन्यांचे १०,५०० बाजूला ठेवावे. पावसाळ्याच्या तोंडी शिवणकाम थंडावते. हे कर्ज एकदम फेडण्याची घाई नको, पण एकही हप्ता चुकवू नये. या भगिनींचा हप्ता चुकला तर तो शेजारच्या बायकांच्या पदराला बसतो, आणि त्या बायकांशी जन्मभराचा शेजार आहे. पुढे हात सैल झाला तर मुदतीआधी फेडावे. त्यावर दंड घेता येत नाही. वसुलीचा माणूस सकाळी नऊच्या आधी किंवा संध्याकाळी सहानंतर दाराशी येऊ शकत नाही, हेही त्याला सांगायला हरकत नाही.

राहिले १९,०५०, आणि राहिला अहेरीचा भाऊ. व्याज नाही म्हणून त्याला शेवटी ढकलावे असे नुसता हिशेब सांगतो. मला ते पटत नाही. बिनव्याजी पैशाचे व्याज दिवाळीच्या ओवाळणीला, लग्नाच्या पंगतीत, बोलण्यातल्या आखडतेपणात वसूल होत असते, आणि ते नेहमी बहिणीकडूनच होते. पत्रात लिहिले आहे की भाचीचे लग्न वैशाखात ठरले आहे. भाऊ मागणार नाही. म्हणूनच त्याला न मागता १५,००० पोचते करावे, आणि उरलेल्या ३५,००० ची तारीख स्वतः यजमानांनी त्याला सांगावी. बहिणीकरवी निरोप नको. मामंजींचे म्हणणे इतपत खरे आहे. हातातले ४,०५० घरात राहू द्यावे. आजारपण सांगून येत नाही.

आता ती शेवटची ओळ. वर पाच देणी मोजली, पण या घरात सहावे देणे आहे आणि ते कोणाच्याच वहीत नाही. कंपनीचे ९०,००० हे शेतीसाठी घेतलेले कर्ज. त्याला तारण मात्र घरच्या लक्ष्मीचे स्त्रीधन. पावती यजमानांच्या नावावर, असे पत्रात आहे. म्हणजे त्या सोन्यावर दोन कर्जे आहेत : एक यजमानांनी कंपनीला द्यायचे, आणि दुसरे यजमानांनी पत्नीला द्यायचे. स्त्रीधन ही सर्वस्वी स्त्रीची मालमत्ता, नवऱ्याकडे ती केवळ विश्वासाने ठेवलेली असते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये प्रतिभा राणी खटल्यात म्हटले. २०२४ च्या एका निकालात तेच पुन्हा सांगितले : अडचणीच्या वेळी पतीने ते वापरले, तरी ते किंवा त्याची किंमत पत्नीला परत करण्याची नैतिक जबाबदारी त्याच्यावर राहते. कोणी कोर्टात जावे म्हणून हे लिहिलेले नाही. पण जे देणे लिहिलेले नसते ते दर खेपेला शेवटी राहते. दुकानदार त्याची वही उघडून दाखवतो म्हणून त्याला पैसे मिळतात. ताईंकडे वही नाही.

तेव्हा सोने बँकेत ठेवताना कर्ज ताईंच्या नावाने काढावे, पावतीवर प्रत्येक दागिन्याचे वजन वेगळे लिहून घ्यावे, आणि ती पावती ताईंच्याच पेटीत राहावी. घरच्या वहीत सहावे पान उघडून यजमानांनी स्वतःच्या हाताने लिहावे : पाटल्या इतक्या ग्रॅमच्या, पोहेहार इतक्या ग्रॅमचा, अमुक तारखेस शेतीसाठी घेतले. येत्या कापसाच्या पहिल्या पट्टीतून, बँकेचे नवे-जुने होताच, ४५,००० या पानावर जमा व्हावे. बँकेला विचारून तेवढ्यावर पाटल्या सुटत असतील तर आधी पाटल्या सोडवाव्या. पुढल्या वर्षी दुकानदाराची उधारी नसेल आणि तिचे १०,८०० चे व्याजही नसेल, त्यामुळे कापूस बरा आला तर हे जमण्यासारखे आहे. भावाचे उरलेले त्याच्या पुढल्या वर्षी. तशीच तारीख त्याला सांगावी.

हा मजकूर ताईंनी यजमानांना वाचून दाखवावा की अंक नुसता उघडा ठेवावा, हे त्यांनीच ठरवावे.