अडखळत्या जिभेची मराठी

पोलादपूरच्या आमच्या काकांना अर्धांगवायूचा झटका आला आणि बोलणे जड झाले. मनात शब्द पुरा असतो. जीभ आणि ओठ ऐकत नाहीत. नातवाने मोबाईल पुढे धरला, ‘आजोबा, बोला, हा लिहून घेईल.’ काका म्हणाले, ‘महाडला डॉक्टरांकडे जायचंय.’ मोबाईलने भलतेच लिहिले. काकू मात्र स्वयंपाकघरातूनच म्हणाल्या, ‘अरे, महाडला जायचं म्हणतायत!’

काकूंचे कान काही जास्त तिखट नाहीत. त्यांना सवय आहे. यंत्राचेही तसेच. जे आवाज त्याला पुष्कळ ऐकवावेत, तेच त्याला कळतात. अशा रुग्णांचे आवाज जमवण्याचा ‘युफोनिया’ प्रकल्प गूगलने २०१९ साली जाहीर केला. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाने २०२२ मध्ये तसेच काम हाती घेतले. दोन्हींची सुरुवात इंग्रजीपासून.

आपल्याकडे केंद्र सरकारच्या ‘भाषिणी’साठी लोक आपला आवाज देतात, त्याला ‘भाषादान’ असे सुरेख नाव आहे. या दानात स्वच्छ उच्चारांबरोबर, रुग्णाच्या संमतीने, अडखळती मराठीही घ्यायला हवी. आणि तीही कोकणी हेलाची. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने वाचादोष आणि पार्किन्सन यांची नोंद घेतली आहे. मग सरकारी पैशाने ऐकायला शिकणाऱ्या यंत्राने या माणसांना का वगळावे?

घरोघरी अशी एखादी काकू असते, म्हणून निभावते. पण काकू शेतावर गेल्या की आमचे काका दिवसभर मुके!