मुळांची घुसमट

नीरा आणि कृष्णेच्या खोऱ्यांतील काळ्या जमिनीत ऊस पिवळा पडू लागला, की आपला बागाईतदार खताची आणखी एक गोणी टाकतो आणि पाण्याची आणखी एक पाळी देतो. परंतु ज्या मुळांना श्वासच घेता येत नाही, त्यांच्यापुढे अन्नाची रास ओतून काय साधणार, हा प्रश्न कारखान्याच्या सभेत काय किंवा कृषिखात्याच्या दफ्तरात काय, क्वचितच विचारला जातो. अशा पिवळ्या उसाचे एखादे बेट उपटून पाहावे: जिथे पांढऱ्या तंतुमुळांचा झुबका असावयाचा, तिथे काळपट, कुजकी टोके हाती येतात, आणि वर कांड्या आखूड राहून पेरे एकमेकांना भिडलेले दिसतात. मातीच्या पोकळ्यांत पाणी साचले म्हणजे प्राणवायू सरतो. बाष्पीभवनाबरोबर क्षार वर चढले म्हणजे ओल असूनही मुळांना ती शोषता येत नाही. आणि सोडियम वाढला म्हणजे मातीचे कण विस्कटून जमीन चोपण होते. यांपैकी एकही व्याधी नत्राने बरी होत नाही. चोपण जमिनीत जिप्सम अवश्य घालावे. पण त्याने सुटलेला सोडियम वाहून जाण्यास निचऱ्याची वाट नसेल, तर तो खर्चही व्यर्थच. वरच्या शेतातले पाणी बांधाशी थांबत नसल्यामुळे निचऱ्याचे चर खणणे एकट्या खातेदाराच्या आवाक्याबाहेरचे आहे. म्हणून सरकारने कालव्यांना दिली तितक्याच तत्परतेने सामुदायिक चरांना मंजुरी द्यावी आणि जादा पाळ्यांना आळा बसावा म्हणून पाणीपट्टी क्षेत्रावर न आकारता पाण्याच्या मापावर आकारावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.