शेतीची पदवी अन् बँकेची नोकरी



‘पोराला बी.एस्सी. ॲग्री केलं अन् आता तो बँकेत जातो म्हणतो. शिक्षण वाया गेलं!’ अशी तक्रार पुष्कळ घरांतून ऐकू येते. पण ते वाया जात नाही. १९६९ साली चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, बँक खेड्यात आली आणि तिला पीक जाणणारा माणूस लागू लागला. विहिरीचे पाणी नि जमिनीचा कस ओळखणाराच कर्ज किती द्यावे, हे नीट ठरवील. माल निघण्याआधीच हप्ता ठेवला, तर शेतकऱ्याला सावकाराचे दार गाठावे लागते.

कृषी अधिकाऱ्याच्या जागेला शेतीची चार वर्षांची पदवी आणि २० ते ३० वय लागते. राखीव वर्गांना वयात सवलत आहे. आय.बी.पी.एस.च्या परीक्षेत इंग्रजी, गणित, तर्कबुद्धी व शेतीशास्त्र, नंतर मुलाखत.

हिशेबाचा सराव घरीच होतो. पीककर्जाचे व्याज आणि यंदाचा जमाखर्च मुलाकडून मांडून घ्या, मुलीकडूनही घ्या. बदली परराज्यात होऊ शकते. तेव्हा मागे शेत कोण पाहणार, हे अर्ज भरण्याआधीच घरात बसून ठरवा.