मोकळा डबा

आमच्या गाडीच्या ग्रुपवर एका भल्या माणसाने या आठवड्यात समाजसेवा आरंभली. डहाणूहून निघतानाच संदेश: ‘मागून तिसरा डबा मोकळा.’ झालं! वाणगावचं निम्मं फलाट मागून तिसऱ्यात. बोईसर येईपर्यंत श्वास घ्यायला जागा नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी डोकं चालवलं, लोक तिसऱ्यातच घुसणार, आपण पुढे जावं. सगळेच पुढे गेले. त्या दिवशी तिसरा डबा खरंच मोकळा होता म्हणे. मी पुढच्या डब्यात एका पायावर उभा होतो.

‘बाबा रे, हे संदेश बंद कर,’ म्हटलं, तर उत्तर आलं, ‘काका, लोकांच्या भल्यासाठीच टाकतो!’

ब्रायन आर्थर या अर्थशास्त्रज्ञाने १९९४ साली हेच कोडं अमेरिकेतल्या सांता फे गावच्या एका बारवरून मांडलं. गिऱ्हाइकं शंभर, साठापर्यंत आली तर मजा, जास्त झाली तर घुसमट. सगळ्यांचा अंदाज एकच असेल तर तो हमखास फसतो. पण जो तो आपापला आडाखा बांधून, फसला की बदलत राहिला, तर गर्दी साठाच्या आसपास घोटाळते. मुकादम कुणीच नसतो.

हे शेजारच्या भाऊंना सांगायला गेलो. भाऊंची मिरची. आमच्या वाणगावात भात निघाला की मिरचीशिवाय बोलणं नाही. ते म्हणाले, ‘यात नवीन काय? एका साली ढोबळीला भाव मिळाला, पुढच्या साली बांधाबांधावर ढोबळी. तोडणीची मजुरी सुटेना. मग सगळे शहाणे झाले, कुणीच लावली नाही, आणि वाशीला भाव कडाडला.’

‘तुम्ही काय केलंत?’

‘मी शहाण्यांतच होतो.’

त्यांच्या वहिनी मात्र भावाची चौकशीच करत नाहीत. थोडी ढोबळी, थोडी ज्वाला, कडेला वांगी, दरसाल तेच. भाऊ त्यांना अडाणी म्हणतात आणि अडीअडचणीला पैसे त्यांच्याकडूनच उसने नेतात. मला विचाराल तर अशी हट्टी माणसं गावात चारदोन तरी हवीत. एरवी सगळा गाव एकाच कडेला कलंडायचा.

यंदा काय लावणार, हे भाऊंनी मला सांगितलंय. पेपरात छापणार नाही, अशी शपथ घालूनच.