भरवू नका

माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात अण्णा जेवले नाहीत. 'पोट जरा जड आहे' म्हणाले आणि मांडवाच्या कडेला खुर्ची टाकून बसले. अण्णा म्हणजे माझे आजोबा. एसटीच्या वर्कशॉपमध्ये चौतीस वर्षं मेकॅनिक होते. पोट जड वगैरे काही नव्हतं. हात थरथरतो, आमटी शर्टावर सांडते आणि दोनशे माणसांसमोर ते नको, एवढंच होतं. घरात सगळ्यांना ते माहीत होतं. तरी एकामागून एक तिघी येऊन म्हणाल्या, "थांबा अण्णा, मी भरवते." तिसऱ्यांदा ऐकल्यावर अण्णा उठले आणि गाडीत जाऊन बसले.

हा लेख त्या वाक्याच्या विरोधात आहे.

मला माहीत आहे, हे ऐकायला बरं वाटत नाही. घास भरवणं म्हणजे आपल्याकडे माया. बाळाचं उष्टावण, चिऊचा घास, काऊचा घास, लग्नात नवरा-नवरीने एकमेकांना भरवलेली जिलबी. इन्स्टावर नातू आजीला वरणभात भरवतोय असं रील आलं की आपण बदाम टाकून पुढे जातो. त्या आजीला कुणी विचारलं का, की बाई गं, तुला भरवून घ्यायचंय का?

एकदा करून बघा. मित्राला सांगा, आज तू मला भरव. तिसऱ्या घासाला कळेल. भाजी कधी, कोशिंबीर कधी, हे तो ठरवणार. तुमच्या तोंडातला घास संपायच्या आत दुसरा समोर येणार. लोणच्याला नुसतं बोट लावून चाटायचं असेल तर तेही मागावं लागणार. एका दिवसाची ही गंमत आहे. रोज दोन वेळा, उरलेलं आयुष्यभर, ही गंमत राहत नाही.

आणि भरवतं कोण? रीलमध्ये नातू असतो. घरात आजी, आई, सून. आमच्या घरी आजी. अण्णांचं जेवण होईपर्यंत तिची भाकरी वातड झालेली असायची. तिच्या या रोजच्या तासाभराला आपण माया म्हणतो, कारण माया म्हटलं की त्या कामाचा हिशोब ठेवावा लागत नाही.

माझा गुन्हा

आता माझं सांगतो. मी इंजिनिअर आहे. शेवटच्या वर्षाला, २०१८ साली, आमच्या ग्रुपने 'स्मार्ट स्पून' केला होता. अर्दुइनो नॅनो, एक जायरो सेन्सर, दोन सर्व्हो मोटर. हात उजवीकडे हलला की मोटर चमच्याला डावीकडे ढकलणार. कल्पना आमची नव्हतीच. अनुपम पाठक या इंजिनिअरने अमेरिकेत 'लिफ्टवेअर' नावाचा असा चमचा बाजारात आणला होता आणि २०१४ साली गुगलने त्याची कंपनी विकत घेतली होती. तो चमचा खरंच काम करायचा. किंमत शेकडो डॉलर. आम्ही त्याची गरिबाघरची आवृत्ती केली, पीपीटीत 'सोशल इम्पॅक्ट' अशी स्लाइड टाकली आणि पहिलं बक्षीस घेतलं.

तो चमचा सव्वातीनशे ग्रॅमचा होता. धुता येत नव्हता. जेवण अर्ध्यावर आलं की बॅटरी मान टाकायची. मुख्य म्हणजे आम्ही तो एकाही थरथरत्या हातात देऊन पाहिला नव्हता. व्हिडिओसाठी ग्रुपमधल्या एकाने हात मुद्दाम हलवला होता. तेव्हा अण्णांचा हात थरथरायला लागून दोन वर्षं झाली होती. मी सुट्टीला घरी जायचो, त्यांच्या शेजारी बसून जेवायचो आणि त्यांना काही विचारायचो नाही. तोही चमचा मी त्यांना दाखवला नाही. खरं सांगायचं तर त्यांचा हात आणि माझा प्रोजेक्ट या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकत्र आल्याच नव्हत्या.

दर वर्षी राज्यभरातल्या कॉलेजांत असे चमचे तयार होतात. व्हायवा झाला की ते कपाटात जातात. मग नवीन बॅच येते आणि तोच चमचा ब्लूटूथसकट करते.

ताटात काय आहे, ते आधी बघा

अण्णांना गावात सगळे 'पार्किन्सन्स' म्हणायचे. डॉक्टरांनी सांगितलं, इसेन्शियल ट्रेमर. हात मांडीवर असला की शांत, काही उचलायला गेलं की थरथर. पार्किन्सन्समध्ये बहुतेक वेळा उलटं असतं, हात निवांत असताना जास्त हलतो. पक्षाघात झालेल्याचा एक हातच जातो. संधिवातात बोटं मिटत नाहीत. कुष्ठरोगात बोटांची संवेदना जाते आणि गरम चहाच्या स्टीलच्या पेल्याने कातडी भाजली तरी कळत नाही. प्रत्येकाची अडचण वेगळी, म्हणून प्रत्येकाचं हत्यार वेगळं.

आणि आपलं जेवणही वेगळं. ॲडमिरल नेल्सनचा उजवा हात १७९७ साली गेला. पुढे तो एकाच दांड्यावर सुरी आणि काटा असलेलं हत्यार वापरायचा. आजही एका हाताने कापायच्या अशा सुरीला त्याचं नाव आहे. म्हणजे स्टेक एका हाताने कसा खायचा, हा प्रश्न दोनशे वर्षांपूर्वी सुटला. पोळी एका हाताने कशी तोडायची, यावर कुणी डोकं लावलंय? अंगठा आणि दोन बोटांनी पोळी दाबून धरायची आणि त्याच हाताने तुकडा काढायचा, हे केवढं अवघड काम आहे ते हात गेल्याशिवाय कळत नाही. वर उजवा हात लुळा पडलेला माणूस डाव्या हाताने जेवायला लागला की पंगतीत भुवया वर जातात.

पाण्याचंही तेच. भांडं उष्टं होऊ नये म्हणून आपण मान मागे टाकून वरून पाणी पितो. गिळायला त्रास असलेल्या माणसाने मान मागे टाकली की पाणी श्वासनलिकेत जायचा धोका वाढतो. साध्या पेल्यातही शेवटचे घोट घेताना कड नाकाला लागते आणि मान मागे जाते. यावर एक पेला आहे. त्याची नाकाकडची कड अर्धगोल कापलेली असते, बास. हनुवटी खाली ठेवून पेला रिकामा करता येतो. यात सेन्सर नाही, ॲप नाही. तुमच्या गावातल्या भांड्याच्या दुकानात मागून बघा. दुकानदार बोंडलं काढून देईल. बोंडलं, म्हणजे बाळाला दूध पाजायचं भांडं. सत्तर वर्षांच्या माणसाला.

यादीत दात आहेत

सरकारकडे योजना नाहीत असं नाही. २०१६च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले, त्यात पार्किन्सन्सचं नाव आहे. २०१७ साली गरीब ज्येष्ठांसाठी राष्ट्रीय वयोश्री योजना आली. तिच्या मूळ यादीत काठी, कुबड्या, वॉकर, श्रवणयंत्र, व्हीलचेअर, चष्मा आणि कवळी आहे. चावायला दात दिले, घास दातांपर्यंत न्यायला काही नाही. कुष्ठरोगातून बरे झालेल्यांसाठी रोजच्या वापराच्या वस्तूंचं किट केंद्राच्या साहाय्य योजनेत आहे. मग ते इतर हातांना का नाही? मला वाटतं, कारण फोटोत आहे. व्हीलचेअर देताना फोटो निघतो. जाड दांड्याचा चमचा देताना निघत नाही.

या विषयातलं ज्ञान आपल्याकडे नाही, असंही नाही. आशियातलं पहिलं ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण १९५० साली मुंबईत, केईएम रुग्णालयात, कमला निंबकरांनी सुरू केलं. माणसाला त्याचं रोजचं काम पुन्हा करता यावं, हेच या शाखेचं काम. आता तुमच्या मित्रांना विचारा, ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणजे काय. दहातले आठ 'फिजिओ ना?' म्हणतील. मीही तेच म्हणायचो.

पर्यावरणवाल्या मित्रांनाही एक प्रश्न. मधून वाकणारा स्ट्रॉ जोसेफ फ्रीडमनने १९३७ साली पेटंट केला आणि त्याची पहिली विक्री १९४७ साली एका रुग्णालयाला झाली. झोपून पाणी पिणाऱ्याला तो हवा होता. १ जुलै २०२२ पासून आपल्याकडे प्लास्टिकचे स्ट्रॉ बंद झाले. तेव्हा शीतपेय कंपन्यांनी मुदत मागितली, त्याच्या बातम्या झाल्या. हळूहळू पिणाऱ्याच्या तोंडात कागदी स्ट्रॉचा लगदा होतो आणि जबडा अचानक आवळणाऱ्याला धातूचा स्ट्रॉ इजा करू शकतो, यावर तुम्ही एक तरी बातमी वाचली का? इंग्लंडने २०२० साली बंदी आणली, पण गरजू माणसाला औषधाच्या दुकानात किंवा हॉटेलात मागितल्यावर स्ट्रॉ मिळेल अशी सोय ठेवली. मी बंदीच्या विरोधात नाही. बंदी घालताना पिणारा कुणाला आठवला नाही, याच्या विरोधात आहे.

साठ रुपयांचा चमचा

शेवटी आम्ही जिल्ह्याच्या गावी एका थेरपिस्ट बाईंकडे गेलो. त्यांनी अण्णांना चहा पाजला आणि पंधरा मिनिटं नुसतं बघितलं. मग माझ्याशी नाही, अण्णांशी बोलल्या. "तुम्ही मेकॅनिक ना? पाना हाताला बसत नसेल तर काय करायचा?" अण्णा म्हणाले, "दांड्याला रबर चढवायचो."

दुसऱ्या दिवशी अण्णा सायकलच्या दुकानातून हँडलची ग्रिप घेऊन आले. साठ रुपये. ती जड, खोल चमच्याच्या दांड्यावर बसवली. सपाट ताटाऐवजी उभ्या कडेचं खोलगट ताट, म्हणजे घास कडेला टेकवून चमच्यात घेता येतो. ताटाखाली ओलं फडकं, म्हणजे ताट सरकत नाही. कोपर टेबलावर टेकवलेलं. पेला अर्धाच भरायचा, झाकणाचा. पोळी कापायला पिझ्झा कटर, शंकरपाळ्यांच्या कातण्याचा थोरला भाऊ. जड चमच्याने प्रत्येकाची थरथर कमी होत नाही, हेही बाईंनी सांगितलं, अण्णांची झाली. सांडणं थांबलं नाही. पण जेवणाचा वेग त्यांचा झाला. आजी त्यांच्याबरोबर गरम भाकरी खायला लागली.

आता तुमचे आक्षेप. 'घरात माणसं असताना साधनं कशाला?' घरात माणसं असली तरी तुम्ही चष्मा लावता ना? की सुनेला पेपर वाचून दाखवायला सांगता? 'काहींना भरवावंच लागतं.' हो, लागतं. मग समोर बसा, उभ्याने नको. पुढचा घास कशाचा ते विचारा. तोंड रिकामं होईपर्यंत हात खाली ठेवा. आणि भरवायच्या आधी एकदा तरी चमचा देऊन बघा.

ज्युनिअर इंजिनिअरांनो, तुमच्यासाठी एकच सांगणं. सेन्सर मागवायच्या आधी एका माणसाशेजारी बसून पूर्ण जेवण जेवा. पन्नास रुपयांत प्रश्न सुटत असेल तर तो पन्नास रुपयांतच सोडवा, मार्क कमी पडले तरी. भांडी करणाऱ्यांनो, कड कापलेला स्टीलचा पेला आणि उभ्या कडेचं ताट हे काही रॉकेट नाही. मंगल कार्यालयवाल्यांनो, पाचशे ताटांत असली पाच ठेवा.

या मे महिन्यात धाकट्या चुलतबहिणीचं लग्न झालं. अण्णा शर्टाच्या खिशात चमचा खोचून आले. ग्रिप लाल रंगाची, लांबून दिसत होती. टेबलाशी बसले. आमटी थोडी सांडली. एक आत्या धावत आली, "अण्णा, भरवू का?"

अण्णांनी मान वर केली नाही. म्हणाले, "तू तुझं जेव."