पत्रांतील बुद्धिबळें आणि टिपणवही

पत्रद्वारा बुद्धिबळें खेळणारा मनुष्य चाल योजण्यांत जितका चुकतो, तितकाच ती लिहिण्यांतही चुकतो, असें आमचें स्पष्ट मत आहे.

१८२४ सालीं लंडन व एडिंबरो येथील बुद्धिबळ-मंडळांनीं टपालानें सामना आरंभिला. अंतर सुमारें ४०० मैलांचें, त्या मार्गावर आगगाडी नव्हती, आणि ५ डाव पुरे होण्यास १८२८ साल उजाडलें! विजय एडिंबरोचा झाला, व ‘स्कॉच’ हें एका सुरुवातीचें नांव या सामन्यावरूनच पडलें. इतकीं वर्षें डाव केवळ स्मरणावर कोण चालवील? मांडून ठेवलेल्या पटाचाही भरंवसा नाहीं. घरांतील धाकटें मूल येतें, प्यादें उचलतें, आणि भलत्याच घरांत ठेवून खेळावयास निघून जातें.

म्हणून खरा पट तो वहींतला. पत्रांत प्रतिपक्षाची शेवटची चाल आधीं पुनः लिहावी, मग आपली, असा या खेळांतील जुना शिरस्ता आहे. निरनिराळ्या भाषांच्या खेळाडूंकरितां घरांना आंकडे देण्याची युक्ति निघाली: उभ्या ओळी डावीकडून १ ते ८, आडव्या खालून १ ते ८. राजापुढील पांढरें प्यादें दोन घरें सरकलें कीं ५२५४. काळ्यानें तसेंच उत्तर दिलें कीं ५७५५. सोय मोठी खरी. परंतु ५२५४ च्या जागीं ५२५३ लिहिलें गेलें, तर तीही नियमांत बसणारी चाल आहे! प्यादें एकच घर सरकलें असें धरून पुढें खेळावें लागतें. लिहिणाऱ्याच्या मनांत काय होतें, हें कोणी विचारीत नाहीं.

हल्लीं असे डाव बहुधा संगणकाच्या जाळ्यावरून खेळले जातात. चालींची व दिवसांची नोंद यंत्रच ठेवतें. मग वही कशाला, असें आमचे विद्यार्थिमित्र विचारतील. यंत्र अशक्य चाल नाकारतें, पण चुकून केलेली शक्य चाल मुकाट्यानें पुढें पाठवितें. शिवाय चालीमागील विचार तें टिपीत नाहीं. २० दिवसांपूर्वीं उंट मागें कां घेतला, प्रतिपक्षाच्या घोड्याचें कोणतें भय होतें, हें लिहून ठेवलें नसेल तर सारें पहिल्यापासून शोधावें लागतें. एका वेळीं १० डाव चालू असले तर बोलावयासच नको.

पालकांनीं या वहीस कारकुनी समजूं नये. एका पानावर एकच डाव असावा. चालीचा क्रमांक, उत्तर आल्याची व गेल्याची तारीख यांस अरुंद रकाने पुरेत. कारणांचा रकाना मात्र चांगला रुंद आंखावा. डाव हरल्यावर पुनः पुनः उघडून पाहिला जातो तो हाच.